सिदूचे सात टोल

सोलापूर,
रविवार, ९ मार्च

प्रिय रत्नदीप,

सप्रेम जय भीम.

गेल्या गुरुवारी दुपारी बारा वाजता आपला टोल वाजला. सतरा वर्षांनी. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘अरे वा’ म्हणाला असतास आणि तेवढ्यात मागून सुगतचा क्लास नाहीतर पायलची मीटिंग सुरू झाली असती. आज सुट्टी आहे. पाणी पाचव्या दिवशी आलं, ते भरून झालं. अण्णा जेवून आडवे झालेत. म्हटलं, बसावं. तू पुण्याला होस्टेलवर होतास तेव्हा मी तुला पत्रं लिहायचे, त्यानंतर आज. हात दुखेल, पण लांबलचक लिहिणार आहे. घाईत वाचू नकोस.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. महापालिकेनं टोलाचा मनोरा दुरुस्तीला काढला. चारी बाजूंनी परांची बांधली, वर आलेली पिंपळाची झाडं उपटली. ठेकेदाराकडे इंद्रजीत नावाचा एक तरुण इंजिनिअर आहे, तो एक दिवस थेट आपल्या घरी आला. घंटा ज्या सागवानी तुळईवर टांगली आहे ती चिरली होती, म्हणूनच तर दोन हजार आठमध्ये टोल बंद केला होता. आता तुळई बदलायची, पण एवढी घंटा आधी कशावर पेलायची, दोरी कप्पीवरून कशी घ्यायची, यातलं काही कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याला कोणीतरी सांगितलं, जन्म-मृत्यू नोंदणीत बनसोडे मॅडम आहेत, त्यांच्या वडिलांनी टोल बंद होईपर्यंत तो वाजवला, त्यांना विचारा. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या हवेत हातानं सगळं काढून दाखवलं. इथं कप्पी, इथं खाच, इथं माझ्या बापानं ठोकलेली लोखंडी पट्टी. तो पोरगा वहीत चित्र काढत गेला. जाताना वाकून पाया पडला. अण्णांना अशा नमस्काराची सवय नाही, ते नुसतं ‘बरं, बरं’ म्हणत राहिले आणि तो गेल्यावर बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

तुला टोलाच्या आठवणी आवडत नाहीत, मला माहीत आहे. मनोऱ्याच्या पायथ्याच्या त्या दोन खोल्या, तासातासाला हादरणारी भांड्यांची फळी, आणि बोलणं मध्येच थांबवून टोल संपेपर्यंत वाट बघायची आपल्या घराची रीत. आई तर अर्ध्यावर थांबलेलं वाक्य बरोब्बर तिथूनच पुढं सुरू करायची. मला ते सगळं गमतीचं वाटायचं. तुला शाळेत ‘टणटण’ म्हणायचे. आठवीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून तू ‘मनपा कर्मचारी’ लिहिलंस आणि माझ्याकडे बघितलंस. खोटं नव्हतंच ते. मीही कॉलेजात मैत्रिणींना घरी आणताना तास टाळून आणायचे. टोलाला एकदा बारा वाजून गेले की एक वाजायच्या आत त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. आपण दोघंही त्या आवाजाखाली वाढलो आणि दोघांनीही तो आवाज कोणाचा आहे हे कधी विचारलं नाही.

गावात विचारलंस तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं, गोऱ्या कलेक्टरनं बांधला. कोणी म्हणतं, गिरणीच्या मालकानं कामगारांवर उपकार म्हणून बांधला. नवी पेठेतल्या एका सराफाच्या मते तर एका राणीनं नवस फेडला. पायरीजवळच्या दगडावर नाव नाहीच. तिथं एवढंच कोरलंय, ‘हा टोल सर्वांचा आहे’, आणि खाली साल १९३६. इंद्रजीतला माहितीचा फलक लावायचा होता, म्हणून तो चौकशी करत फिरत होता. फिरत फिरत तो शिवशरणकाकांच्या दुकानात गेला. तुला आठवतील. नवी पेठेत बोळाच्या तोंडाशी छोटं कापडाचं दुकान, आई तिथून परकराचं कापड घ्यायची आणि ते कायम वीतभर जास्तच फाडून द्यायचे. काका आता ब्याऐंशीचे आहेत. त्यांनी इंद्रजीतला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी रिक्षा करून, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन ते आपल्याकडे आले.

अण्णांच्या समोर पेटी ठेवून ते म्हणाले, “हरिदास, आमच्या आजोबानं सांगून ठेवलं होतं, नाव लावायचं न्हाय म्हणजे न्हाय. माझ्या बापानं पाळलं, मी बी पाळलं. पण आता गिरणीवाल्याचं नाव लावायला निघालेत ही माणसं. हे मला बघवंना.”

तर टोल बांधला तो काकांच्या आजोबांनी, चनबसप्पांनी. सुताचे व्यापारी होते. गिरणीतून सुताच्या गाठी घ्यायच्या आणि गावातल्या, आजूबाजूच्या विणकरांना विकायच्या असा मोठा व्यवहार होता. पेटीत एक दस्त होता आणि काळ्या पुठ्ठ्याची एक वही. वही अर्धी कानडीत, अर्धी मराठीत. त्या माणसाला जे मनाला लागलं असेल ते कानडीत लिहायची सवय होती बहुतेक. मग आमचं असं ठरलं की रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की काकांनी कानडी वाचून सांगायचं, मी मराठी वाचायचं आणि अण्णांनी ऐकायचं. तीन संध्याकाळी लागल्या. मी इतकी वर्षं सरकारी रजिस्टरं वाचते रत्नदीप, पण कागद वाचताना माझ्या अंगावर काटा आला तो आयुष्यात या तीन दिवसांतच.

पहिल्या दिवशी काय कळलं ते सांगते. आपले पणजोबा सिदू गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायला, होते एवढं आपल्याला माहीत होतं. विणाईच्या खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या तोंडचा धागा दुसऱ्याला चालायचा नाही. पणजी बजाबाई पण त्याच गिरणीत होती. सकाळी सातला भोंगा व्हायचा आणि भोंगा थांबला की फाटक बंद. बाहेर राहिला त्याचा दिवस गेला. वस्तीत कोणाकडे घड्याळ नव्हतं. भोंगा हेच घड्याळ. पण सिदू पाळीच्या आधी तासभर स्टेशनावर गाठी उतरवायला जायचा आणि निघताना स्टेशनातलं घड्याळ बघून निघायचा. त्याला आकडे येत होते. चालत यायला किती लागतं हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की काही दिवशी भोंगा लवकर होतो. आणि संध्याकाळी सुटायचा भोंगा मात्र उशिरा. कोणाला सांगणार? एक दिवस बजाबाई धावत फाटकाशी आली आणि तिच्या तोंडावर फाटक लागलं. महिन्यातली तिसरी वेळ. घरी तीन महिन्यांचं पोर ठेवून आली होती, म्हणजे आपले आजोबा. सिदू आत होता. तो आतून परत फाटकाशी आला आणि सगळ्यांसमोर वेळ लिहिणाऱ्या साहेबाला म्हणाला की, तुमचा भोंगा नऊ मिनिटं फुडं पळतोय. साहेबानं विचारलं, तुझ्याकडे घड्याळ आहे का? नव्हतंच. सगळे हसले. त्या दिवसापासून सिदूला गिरणी बंद झाली.

हे वहीत कसं आलं? कारण चनबसप्पा तिथंच उभे होते. सुताच्या गाठी बघायला आले होते. याच्या पुढचं काकांनी कानडीतून थांबत थांबत सांगितलं आणि मी ते तसंच लिहून घेतलं, तुला उतरवून देते. “त्याने सांगितले ते खरे होते. माझ्या खिशात घड्याळ होते. मी ते बाहेर काढले नाही. गिरणीशी माझा व्यवहार होता. तो मान खाली घालून माझ्यासमोरून गेला.”

बस, एवढंच. पुढं पंधरा दिवस वही कोरी आहे.

दुसऱ्या संध्याकाळी पुढचं वाचलं. पंधरा दिवसांनी हा माणूस आपल्या वस्तीत आला. भरदुपारी, एकटा. लोकांना वाटलं, कोणीतरी काहीतरी केलंय आणि शेठ तक्रार घेऊन आलेत. सिदू घाबरून बाहेर आला. चनबसप्पांनी त्याला सांगितलं की मी एक टोल बांधणार आहे, गिरणीचा नाही, देवळाचा नाही, सरकारचा नाही. त्याची वेळ रोज स्टेशनाच्या घड्याळाशी जुळवायची आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा तो वाजवायचा. वाजवायला असा माणूस पाहिजे की ज्याला दाबून वेळ बदलता येणार नाही. असा एकच माणूस मी बघितला आहे. सिदू तयार नव्हता. त्यानं स्पष्ट सांगितलं, तुमी मला उंच चढवाल, आन खालनं दगडं मला बसतील. मग बजाबाई दारातून बोलली. चनबसप्पांनी तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून ठेवलंय, बहुतेक तेच त्यांना सगळ्यात मोलाचं वाटलं असावं. ती म्हणाली, “फाटकाभायेर मी हुबी आसंन तवा मला ऐकू येईल आसं वाजवा. मग दगडाचं बघू.”

दगड आलेच. मनोरा चढायला लागला तसं पेठेतल्या चार वजनदार माणसांनी चनबसप्पांना बोलावून घेतलं. टोल बांधा, चांगलं काम आहे, पण दोरी या माणसाच्या हातात नको. त्याच्या हातचा आवाज आमच्या देवघरात येणार. पाहिजे तर घंटा देवळाला द्या, आम्ही वाजवायची व्यवस्था करतो. चनबसप्पांनी त्यांना सांगितलं की देवाची घंटा देवळात आहे, ही माणसांची आहे, आणि दोरी सिदूच ओढेल. त्यानंतर त्यांच्याशी बऱ्याच जणांनी बोलणं सोडलं. गिरणीनं तर सूत देणंच बंद केलं. एवढा मोठा व्यापारी, तो पुढं कापडाचे गठ्ठे घेऊन मोहोळच्या, अक्कलकोटच्या आठवडी बाजारात बसायला लागला. काका हे सांगताना हसले. म्हणाले, “म्हणून तर आमचं दुकान एवढुसं राहिलं की.” त्या हसण्यात कडवटपणा नव्हता रे. मी शोधला, नव्हता.

घंटा मुंबईहून रेल्वेनं आली. स्टेशनापासून मनोऱ्यापर्यंत आणायला आठ बैल लागले आणि पूर्ण दोन दिवस. चनबसप्पांनी स्वतःचं घड्याळ सिदूला दिलं. अण्णांच्या ट्रंकेत आहे ना, झाकण निखळलेलं, तेच ते. सिदू रोज पहाटे ते घेऊन स्टेशनावर जायचा. स्टेशनमास्तरच्या खोलीत त्याला येऊ देत नसत, म्हणून तो बाहेर उभा राहून खिडकीच्या गजांतून आतलं घड्याळ बघायचा आणि हातातलं जुळवायचा. तीस वर्षं. ऊन असो, ताप असो.

आणि पहिला दिवस. इथं वहीतलं अक्षर मोठं झालंय. उद्‌घाटन वगैरे काही नाही. कोणी पुढारी नाही. कोणी आलंच नसतं. सकाळी गिरणीचा भोंगा झाला, नेहमीप्रमाणे लवकर. फाटक लागलं. बाहेर चाळीसएक बाया राहिल्या, त्यांत बजाबाई. त्या परत फिरायच्या बेतात होत्या. तेवढ्यात बजाबाईनं सगळ्यांना थांबा म्हटलं. चनबसप्पा तिथंच होते, या वेळी घड्याळाशिवाय, फाटकाआडच्या साहेबाच्या घड्याळावर मिनिटं मोजत. सगळ्या बाया मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. आतला मुकादम हसत होता. पाच मिनिटं. बायांची चुळबुळ सुरू झाली. आणि बरोबर नऊ मिनिटांनी पहिला टोल पडला.

चनबसप्पांनी लिहिलंय, “पहिल्या टोलाला पाखरे उडाली. तिसऱ्याला मुकादमाचे हसू थांबले. सातवा पडला तेव्हा एकही बाई हलली नाही. साऱ्या शहराने सात ऐकले. फाटक लागून नऊ मिनिटे झाली होती आणि शहरात आत्ता सात वाजत होते.”

त्या बाया परत गेल्या नाहीत. फाटकासमोर बसल्या. दुसऱ्या दिवशी भोंगा, नऊ मिनिटांनी टोल, आणि फाटकासमोर आणखी बाया, आता आतले गडीही बाहेर. आता हे कोणाच्या तोंडचं बोलणं नव्हतं, सगळ्या गावाच्या कानांवर पडलेलं होतं. सहाव्या दिवशी भोंगा आणि टोल एकाच वेळी वाजले. त्यानंतर भोंग्याची हिंमत झाली नाही.

मी वाचून वही मिटली. मी विचार करत होते, ज्या माणसाला देवळाच्या पायरीला शिवायची बंदी, त्यानं दोरी ओढली की पेठेतल्या देवळात आरती सुरू व्हायची. वहीत आहे हेही. वर्षभरात सगळं गाव त्याच्या हातावर चालायला लागलं. शाळा भरायची त्यावर, कचेरी सुटायची त्यावर, लग्नाच्या अक्षता पडायच्या त्यावर. ज्यांनी आवाज देवघरात नको म्हटलं होतं त्यांच्या घरातलं दूधही त्याच टोलावर चुलीवर चढायचं. खाली कोणालाच ते बोलून दाखवायचं नव्हतं. पण आवाज येतो म्हटल्यावर तो थोडाच अडवता येतो?

ही वाचनं चालू असतानाच तुझं पाकीट आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पत्त्यावर. आतले कागद मी टेबलावरच वाचले. आडनाव बदलण्याचं प्रतिज्ञापत्र, तुझं आणि सुगतचं, साक्षीदार म्हणून माझ्या सहीची जागा, आणि तुझी चिठ्ठी, ‘ताई, अण्णांना सांगू नकोस.’ बनसोडेच्या जागी कुंभारीकर. आजीच्या गावाचं नाव निवडलंस, तेवढ्यावरून मला कळलं की तू हे मजेत केलेलं नाहीस. मला राग आला नाही, रत्नदीप. बाणेरच्या त्या फ्लॅटवाल्यानं सगळं ठरल्यावर फक्त पूर्ण नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ‘मुलाचं लग्न ठरलंय, फ्लॅट द्यायचा नाही’ म्हणून सांगितलं, ते तू मला हसत हसत सांगितलं होतंस. सुगतला त्याच्या वर्गातल्या मुलानं विचारलं, ‘तुम्ही कोण?’ आणि त्यानं घरी येऊन तुला विचारलं, ‘आपण कोण?’ तेही मला पायलनं सांगितलंय. तू नाही सांगितलंस. मी रोज शंभर नावं लिहिते, मला माहीत आहे नावाचं ओझं काय असतं ते. दिवसभर पाकीट पर्समध्ये घेऊन बसले. सही करू की नको ते काही ठरेना.

त्याच संध्याकाळी आम्ही दस्त वाचायला घेतला.

तो दस्त म्हणजे चनबसप्पांनी मनोरा गावाला दिल्याचा कागद. त्यात अट आहे की टोल वाजवणाऱ्याचं नाव दस्तात असेल आणि त्याला कोणी परस्पर काढू शकणार नाही. या दस्ताच्या दिवशी कचेरीत काय झालं ते वहीत आहे. कारकुनानं आधी लिहिलं, ‘सिदू महार’. तेव्हाची रीतच ती. चनबसप्पांनी सांगितलं, पूर्ण नाव लिहा. कारकून म्हणाला, हेच पूर्ण. ह्यांना कुठलं आलंय आडनाव? सिदू बाहेर व्हरांड्यात उभा होता, आत यायची सोय नव्हती. चनबसप्पांनी तिथूनच मोठ्यानं त्याला त्याचं नाव विचारलं, आणि सिदूनं व्हरांड्यातून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं सांगितलं. कारकुनानं लिहिलं, पण बापाचं नाव गाळलं. चनबसप्पांनी कागद परत केला. दुसऱ्यांदा लिहिलं, त्यात ‘श्री.’ नव्हतं. पुन्हा परत. तिसऱ्या कागदावर आहे ते मी स्वतः डोळ्यांनी बघितलं, निळी शाई तपकिरी झाली आहे पण अक्षर न् अक्षर लागतं. ‘श्री. सिदू कोंडीबा बनसोडे, टोलाचे रखवालदार.’

मी वाचलं. अण्णा म्हणाले, “परत वाच.”

मी परत वाचलं. मग ते उठून माझ्याजवळ आले, चष्मा लावला आणि त्या ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं, अक्षर लावत. मग म्हणाले की आज्ज्यानं हे कधी सांगितलं नाही, मला वाटायचं आडनाव आपल्याला शाळेतल्या मास्तरनं दिलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण बोट त्या ओळीवरून निघत नव्हतं. शिवशरणकाका खिडकीकडे बघत होते. मी पर्स घट्ट धरून बसले होते.

गुरुवारी टोल सुरू करायचा ठरलं. इंद्रजीतनं वर मोटर बसवायचंही सुचवलं होतं, पण पहिल्या दिवशी हातानंच वाजावा हा हट्ट त्याचाच. बहात्तर पायऱ्या. अण्णा दहा दहा पायऱ्यांवर थांबत चढले, मी मागे. मला वाटत होतं, अर्ध्यावरून परत फिरतील. ते एकदाही मागं वळून बघायला थांबले नाहीत. वर नवी तुळई, अजून लाकडाचा वास येणारी, आणि तिच्याखाली ती. लहानपणी आपण तिच्याकडे कधी नीट बघितलंच नाही रे. माझ्या दोन्ही हातांत मावत नाही एवढा घेर. आत मान घालून बघितलं तर नुसता काळोख, आणि आपला श्वासही परत ऐकू येतो. चारी कमानींतून सगळं शहर दिसत होतं, तलाव, किल्ला, उरलीसुरली धुराडी, कुंभारीकडे जाणारा रस्ता. अण्णांनी कानात कापूस घातला, मलाही दिला. मनगटावरचं घड्याळ बघितलं. दोरी धरली.

पहिला टोल पडला तेव्हा मला तो ऐकू आला नाही. तो पायांतून वर आला, पोटात गेला, बरगड्यांत भरला, आणि मग कुठं कानांना कळलं. कबुतरं एकदम उठली. पाचव्या टोलाला मी कमानीतून खाली बघितलं. नवी पेठ उभी राहिली होती. रिक्षा जागच्या जागी. दुकानदार पायरीवर. बाया हातातल्या पिशव्यांसकट वर बघत होत्या, उन्हाला हात आडवा धरून. कोणी मोबाइल वर धरले होते, पण पुष्कळांनी ते केलंच नाही, नुसते उभे होते. शिवशरणकाका टोपी हातात घेऊन मान वर करून उभे होते, ब्याऐंशीव्या वर्षी, भरउन्हात. बारावा टोल पडला आणि अण्णांनी दोरी सोडली. आवाज मात्र थांबला नाही, तो घंटेत राहिला, मग तुळईत, मग दगडांत, आणि कधी संपला ते कळलंच नाही. अण्णांनी घंटेच्या काठावर तळवा ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, “अजून नीट बोलती की.” एवढंच. मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्या माणसाची भीती वाटली, रत्नदीप. देवाची वाटावी तशी. आणि देव आपण मानत नाही.

आता तुझे कागद. या पत्रासोबत परत पाठवतेय. साक्षीदाराच्या जागी मी सही केली आहे, आणि खाली तारीख घातली आहे ती गुरुवारची, कारण वरून उतरल्यावर त्याच दुपारी केली. तुला अडवायचा अधिकार मला नाही, सुगतला पुण्यात रोज शाळेत जायचंय, मला नाही. अण्णांना मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. ते तू येऊन सांग, त्यांच्यासमोर बसून, त्यांना मानायचं असेल तर ते मानतील, तो माणूस तेवढा मोठा आहे. फक्त एक सांगते, आणि त्यासाठीच एवढं पत्र लिहिलं. गॅझेटच्या अर्जात ‘जुने नाव’ असा एक रकाना असतो. आमच्या खिडकीवर लोक येतात ना, ते तो रकाना घाईघाईत भरतात, आद्याक्षरं लिहितात, कोणी तर दुसऱ्याकडून भरून घेतात, नकोच असतं ते पुन्हा लिहायला. तू तसं करू नकोस. तो रकाना भरताना सावकाश बस, सुगतला शेजारी बसव, आणि ‘श्री.’पासून सुरुवात करून पूर्ण नाव लिही, बापाच्या नावासकट, एक अक्षर न गाळता. त्यानंतर तो कागद पाठव किंवा नको पाठवू, तू जे करशील त्याला माझी साक्ष आहे.

तुझीच,
ताई
(संघप्रिया हरिदास बनसोडे)